नव्या अधिवेशनात आमचे आमदार काय मांडणार? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की आमच्या कार्यालयातला फोन वाजायचा थांबत नाही. गेली बारा वर्षं मी एका आमदारांच्या कार्यालयात अधिवेशनाची कागदपत्रं सांभाळतो: प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना (हे काय असतं ते प्रश्न ५ आणि ९ मध्ये) आणि आलेल्या निवेदनांची वही. माणसं बदलतात, गावं बदलतात, पण विचारणा बऱ्याचदा तीच असते. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलं. इथले नियम महाराष्ट्र विधानमंडळाचे आहेत, त्यामुळे तुमचे आमदार कुठल्याही पक्षाचे असले तरी उत्तरं लागू पडतील.

१. अधिवेशनं वर्षातून किती होतात? प्रत्येक वेळी सगळं नव्याने का सुरू करावं लागतं?

साधारण तीन. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरचं अधिवेशन १९५३ च्या नागपूर करारातून आलेलं आहे. अपवादही झालेत: २०१८ चं पावसाळी अधिवेशन नागपुरात झालं, तर करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईत घ्यावी लागली. राज्यघटनेचं बंधन एवढंच की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये. याशिवाय एखाद्या विषयासाठी विशेष अधिवेशन बोलावता येतं. मराठा आरक्षणाच्या विधेयकासाठी २० फेब्रुवारी २०२४ रोजी असंच एक दिवसाचं अधिवेशन झालं.

नव्याने सुरुवात करायचं कारण साधं आहे. मागच्या अधिवेशनात दिलेली पण चर्चेला न आलेली लक्षवेधी आपोआप पुढे सरकत नाही, ती पुन्हा द्यावी लागते. "मागच्या वेळी दिलं होतं ना साहेबांकडे" असं म्हणून घरी बसलात तर विषय तिथेच राहतो. विधेयकांचं मात्र वेगळं आहे, ते प्रश्न १६ मध्ये पाहा.

२. आम्हाला आमदार नक्की किती? विषय कोणाकडे न्यायचा?

विधानसभेत २८८ सदस्य आहेत. त्यातले एक तुमच्या मतदारसंघाचे. विधान परिषदेत ७८ आहेत: ३० विधानसभा सदस्यांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून, १२ राज्यपालनियुक्त. तुमची पदवीधर किंवा शिक्षक मतदार म्हणून नोंद असेल तर परिषदेतही तुमचा हक्काचा आमदार आहे. शाळेच्या अनुदानाचा, शिक्षकांच्या थकीत वेतनाचा विषय असेल तर शिक्षक आमदारांकडेही जरूर जा. एकच विषय दोन्ही सभागृहांत उपस्थित झाला तर विभागाला दोनदा उत्तर तयार करावं लागतं, आणि दुसऱ्यांदा ते जरा काळजीपूर्वक केलं जातं.

३. आमदार आपले प्राधान्याचे विषय ठरवतात तरी कसे?

हे मी आमच्या कार्यालयात जे पाहिलं त्यावरून सांगतो. अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी आम्ही निवेदनांची वही काढतो. गावोगावच्या दौऱ्यात आलेले कागद, जनता दरबारातले अर्ज, वर्तमानपत्रांची कात्रणं, सगळं टेबलावर पसरतं. मग प्रत्येक कागदाला आम्ही एकच प्रश्न विचारतो: हे काम कोणाच्या सहीने होणार आहे? तलाठी किंवा गटविकास अधिकाऱ्याच्या सहीने होणार असेल तर त्यासाठी विधानसभा नको, फोन आणि पत्र पुरतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवरचं असेल तर जिल्हा नियोजन समिती आहे. मंत्रालयातल्या सहीशिवाय हलणारच नाही, किंवा नियमच बदलायला हवा, असे विषय उरतात. तेच अधिवेशनाचे.

उरलेल्यांतही निवड करावी लागते, कारण सभागृहातला वेळ फार थोडा मिळतो. अशा वेळी जिवाशी खेळ असलेला विषय आधी, मग पिकाचा आणि पाण्याचा, मग पैशाचा. हा आमच्याकडचा क्रम झाला. तुमच्या आमदारांचा क्रम वेगळा असेल, आणि तो त्यांना विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

४. आमदारांनी भाषणात "हा माझा प्राधान्याचा विषय आहे" असं सांगितलं. ते कितपत खरं मानायचं?

त्यांना नम्रपणे विचारा: "साहेब, कोणत्या आयुधाने मांडणार आहात?" विधिमंडळात प्रश्न, लक्षवेधी, प्रस्ताव, ठराव यांना संसदीय आयुधं म्हणतात. विषयाला आयुध मिळालं, ते वेळेत दाखल झालं, तरच तो प्राधान्याचा. बॅनरवर लिहिलेला विषय आणि सूचना क्रमांक मिळालेला विषय यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तपासणंही अवघड नाही. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाजाची कागदपत्रं असतात, सभागृहाचं थेट प्रक्षेपणही पाहता येतं. तुमच्या आमदारांनी गेल्या तीन अधिवेशनांत कशावर प्रश्न विचारले ते एका संध्याकाळी पाहून होतं. मी प्रत्येक मतदाराला हे करून पाहायला सांगतो.

५. तारांकित, अतारांकित, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा... यातलं काय कशासाठी?

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी ताकद त्या उपप्रश्नांत आहे, कारण छापील उत्तर विभागाने लिहिलेलं असतं, उपप्रश्नाचं उत्तर मात्र मंत्र्यांना उभ्या उभ्या द्यावं लागतं. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येतं. आकडेवारी हवी असेल तर तोच चांगला: तालुक्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, किती निधी आला, किती परत गेला. तातडीच्या विषयासाठी अल्पसूचना प्रश्न असतो, पण तो मंत्र्यांनी स्वीकारावा लागतो.

लक्षवेधी सूचना (विधानसभेत नियम १०५, परिषदेत नियम १०१) ही ताज्या, तातडीच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी. मंत्री निवेदन करतात आणि त्यावर प्रश्न विचारले जातात. औचित्याचा मुद्दा म्हणजे थोडक्यात विषय मांडून शासनाचं लक्ष वेधणं. त्यावर तिथल्या तिथे उत्तर मिळेलच असं नाही, पण नोंद होते. मोठ्या विषयावर चर्चा घडवायची असेल तर विधानसभेत नियम २९३ चा आणि परिषदेत नियम २६० चा प्रस्ताव असतो. सगळं बाजूला ठेवून आत्ताच चर्चा घ्या, अशी मागणी करायची तर विधानसभेत नियम ९७ चा स्थगन प्रस्ताव. तो क्वचित स्वीकारला जातो.

६. आमचा विषय किती आधी पोचवायचा?

प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या कितीतरी आठवडे आधी द्याव्या लागतात. तारखा विधानमंडळ सचिवालय सदस्यांना कळवतं. अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन आलात तर तारांकित प्रश्नाची गाडी निघून गेलेली असते, लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा एवढंच हातात राहतं. माझा सल्ला असा: हिवाळी अधिवेशनासाठी दिवाळीच्या आधी, पावसाळी अधिवेशनासाठी एप्रिलमध्ये आणि अर्थसंकल्पीय अधिवेशनासाठी डिसेंबरमध्येच कागद द्या. आणि पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली पोच पुढे फार उपयोगी पडते.

नागपूरला आमदार निवासाच्या दारात पहाटेच्या थंडीत मफलर गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत फाइल धरून उभी असलेली माणसं मी दर वर्षी पाहतो. रात्रभर एसटीने प्रवास करून आलेली असतात. त्यातल्या कित्येकांचा विषय दीड महिना आधी साध्या टपालाने आला असता तर यादीत लागला असता. त्यांना हे सांगताना माझा जीव खालीवर होतो.

७. निवेदन कसं लिहिलं म्हणजे त्याचा प्रश्न बनतो?

"आमच्या गावातील आरोग्य केंद्राची दुरवस्था दूर करावी ही नम्र विनंती." अशी शेकडो निवेदनं येतात. यातून प्रश्न बनत नाही, कारण विचारायचं काय तेच त्यात नसतं.

एका गावचे सरपंच असंच निवेदन घेऊन आले होते. त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "आबा, दुरवस्था म्हणजे काय ते सांगा." ते म्हणाले, "डॉक्टर नाही. रात्री बाळंतीण आली की तालुक्याला पाठवतात." कधीपासून? "संक्रांतीपासून." शेवटची बाळंतीण कधी गेली? त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. आशाताईंनी त्यांना तारखा लिहून दिल्या होत्या. चार तारखा होत्या. त्या चार तारखा म्हणजेच निवेदन. बाकीचं पान त्यांनी कोरं दिलं असतं तरी चाललं असतं.

सभागृहात त्याचं रूप असं होतं: (१) अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद माहे जानेवारीपासून रिक्त आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, प्रसूतीसाठी आलेल्या महिलांना तालुक्याच्या ठिकाणी पाठवावे लागत आहे, हेही खरे आहे काय, (३) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? तुमच्या निवेदनात जागा, तारीख, आकडा आणि आधी केलेल्या पत्रव्यवहाराची झेरॉक्स असली की हे चार भाग आम्ही दहा मिनिटांत लिहितो.

८. शासनाचं उत्तर आलं: "हे खरे नाही." चौथ्या भागाला "प्रश्न उद्भवत नाही." आता काय?

वरच्याच प्रश्नाला हेच उत्तर आलं होतं. सरपंच हताश झाले. मलाही राग आला, पण चूक आमची होती. पद रिक्त नव्हतंच. कागदावर डॉक्टर नेमलेले होते, पगार त्याच केंद्रातून निघत होता, फक्त त्यांना प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे पाठवलेलं होतं. आम्ही "रिक्त" विचारलं, विभागाने "रिक्त नाही" सांगितलं. उत्तर खोटं नव्हतं. बाळंतिणीला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

पुढच्या अधिवेशनात प्रश्न बदलला: मंजूर पदे किती, त्यापैकी भरलेली किती, भरलेल्यांपैकी प्रत्यक्ष त्याच ठिकाणी कार्यरत किती व प्रतिनियुक्तीवर किती? या वेळी उत्तर आलं, "हे अंशतः खरे आहे." आमच्या कामात "अंशतः खरे" हा मोठा शब्द आहे. तो आला की दार किलकिलं झालं असं समजा. तेव्हा उत्तर हाती आलं की सोडून देऊ नका, शब्द न् शब्द वाचा आणि गावातलं वास्तव त्या शब्दांच्या शेजारी मांडून कार्यालयाला परत कळवा. उत्तर वस्तुस्थितीला सोडून असेल तर तारीख आणि पुरावा जोडून सदस्यांना तसं लेखी द्या. चुकीची माहिती सभागृहाला देणं हा गंभीर विषय आहे, विशेषाधिकारापर्यंत, म्हणजे सभागृहाचा हक्कभंग झाला या तक्रारीपर्यंत, जाऊ शकतो.

९. रस्ता आणि पूल आमदार निधीतून का होत नाहीत?

छोटे होतात. आमदार स्थानिक विकास निधी सन २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. ऐकायला मोठा वाटतो, पण एका मतदारसंघात शंभर-दीडशे गावं असली तर सभामंडप, शाळेची खोली, गल्लीतला काँक्रीट रस्ता यातच तो संपतो. नदीवरचा पूल त्यात बसत नाही. शिवाय हा निधी आमदारांच्या खिशात नसतो. ते काम सुचवतात, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होतो.

मोठ्या कामाला अर्थसंकल्पातली किंवा पुरवणी मागण्यांतली (वर्षाच्या मधेच मागितलेल्या जादा खर्चातली) तरतूद लागते, किंवा ग्रामविकास विभागाचा तो सर्वांना पाठ असलेला "२५१५", म्हणजे गावातल्या मूलभूत सुविधांच्या लेखाशीर्षाचा निधी. म्हणून निवेदनात रस्ता कोणाचा ते आधी लिहा: ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा. अर्ध्याहून अधिक निवेदनांत हे नसतं, आणि मग कागद तीन टेबलांवर फिरत राहतो.

अर्थसंकल्पावर आमदारांच्या हाती आणखी एक गोष्ट असते, कपात सूचना. ती मंजूर होऊन खरोखर पैसे कापले जावेत यासाठी सहसा नसते. विभागाच्या मागणीवर बोट ठेवून "या कामाला पैसे का नाहीत" असं विचारण्यासाठी असते.

१०. पुरवणी मागणीत आमच्या पुलाचं नाव आलं. पेढे वाटायचे का?

थोडं थांबा. नाव येणं ही पहिली पायरी, आणि ती चढणंही सोपं नाही, त्यामुळे आनंद व्हायलाच हवा. पण नावापुढची रक्कम पाहा. पुष्कळदा पुलाची किंमत कोटींत आणि त्या वर्षाची तरतूद काही लाखांत असते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. या प्रत्येक टप्प्याची तारीख बांधकाम उपविभागात जाऊन विचारा. फलक लावायचाच असेल तर कार्यारंभ आदेशानंतर लावा.

११. एकटा आमदार कायदा आणू शकतो का?

आणू शकतो. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाला अशासकीय विधेयक म्हणतात. ते मंजूर होणं दुर्मीळ आहे, आणि त्यातून राज्याच्या तिजोरीवर भार पडणार असेल तर घटनेच्या अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते. तरीही मांडावं, कारण विधेयक मांडलं की शासनाला त्या विषयावर भूमिका घ्यावी लागते.

ज्यांना वाटतं की एका सदस्याच्या ध्यासाने काही होत नाही, त्यांना मी वि. स. पागे यांची आठवण करून देतो. १९६० ते १९७८ ते विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम मिळालं पाहिजे, ही कल्पना त्यांनी उचलून धरली. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने गरज उघडी पाडली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. एका माणसाचा प्राधान्याचा विषय इतका लांबवर गेला, आणि तो गेला कारण त्याने तो पुढची कित्येक वर्षं सोडला नाही.

१२. सरकारी विधेयक येतंय. सामान्य माणसाला त्यात सूचना करता येते का?

विधेयक संयुक्त समितीकडे गेलं तर नक्की येते, आणि हा मार्ग फार कमी लोक वापरतात. दोन्ही सभागृहांचे सदस्य असलेली समिती जाहीर निवेदन देऊन सूचना मागवू शकते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी १२ हजारांहून जास्त सूचना आल्या आणि काही तरतुदी बदलून जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं. बदल पुरेसे होते की नाही यावर तीव्र मतभेद आहेत. पण सूचना पाठवण्याचा दरवाजा उघडा होता, हे खरं.

समितीकडे न गेलेल्या विधेयकाला तुमचे आमदार दुरुस्ती सुचवू शकतात. त्यासाठी त्यांना "विधेयकाला विरोध करा" असं सांगून भागत नाही. कोणत्या खंडातला कोणता शब्द बदलायचा ते लिहून द्या.

१३. दोन्ही सभागृहांत विधेयक मंजूर झालं, बातमीही आली. तरी कायदा लागू का नाही?

मंजुरीनंतर राज्यपालांची संमती लागते. काही विधेयकं राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवली जातात, विशेषतः केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद असेल तेव्हा. महिला आणि बालकांवरील अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं, डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने मंजूर झालं, राष्ट्रपतींकडे गेलं आणि लागू झालंच नाही. ज्या मुलींच्या आयांनी त्या वेळी आमच्या कार्यालयात फोन करून आभार मानले होते, त्यांना पुढे काय सांगायचं ते मला आजही सुचत नाही.

संमतीनंतरही कायदा कोणत्या तारखेपासून अमलात येणार हे वेगळं ठरतं (प्रश्न ११ मधल्या रोजगार हमी कायद्याची दोन सालं पुन्हा पाहा), आणि बऱ्याच कायद्यांना त्याखालचे नियम तयार व्हावे लागतात. "नियम कधी होणार?" हा आमदारांनी विचारण्यासारखा उत्तम प्रश्न आहे.

उलटही घडतं. अधिवेशन चालू नसताना अध्यादेश काढता येतो, पण सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर व्हावं लागतं, नाहीतर तो संपतो. जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर ऑगस्ट २०१३ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधेयक मंजूर झालं. मागणी मात्र त्याच्या कितीतरी वर्षं आधीची होती.

१४. रेल्वेचा थांबा, राष्ट्रीय महामार्ग, कोर्टात चाललेला दावा. हे आमदार मांडू शकतात का?

रेल्वे हा केंद्राचा विषय, त्यासाठी खासदारांकडे जा. पण महामार्गासाठी राज्याच्या यंत्रणेने केलेल्या भूसंपादनाचा मोबदला अडला असेल तर तेवढा भाग आमदार मांडू शकतात. विषय असा फोडून पाहायला शिका, बरेच अडलेले कागद त्याने सुटतात.

केंद्राला शिफारस करणारा ठरावही सभागृहाला करता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात सीमाप्रश्नावर असा ठराव एकमताने झाला. ठरावाने सभागृहाचं मत ठामपणे नोंदलं जातं, पण तो केंद्रावर किंवा न्यायालयावर बंधनकारक नसतो. न्यायप्रविष्ट प्रकरणाच्या गुणदोषांवर सभागृहात चर्चा होत नाही, तसंच न्यायाधीशांनी कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनावर बोलायला घटनेनेच मनाई आहे. तुमचा वैयक्तिक जमिनीचा दावा असेल तर चांगला वकील शोधा.

१५. आमचे आमदार मंत्री झाले. किंवा विरोधी बाकांवर आहेत. किंवा निलंबित झालेत. आमचा प्रश्न कोण मांडणार?

मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. पण त्यांना खात्याच्या सचिवांशी थेट बोलता येतं, त्यामुळे तुमचं नुकसान होतंच असं नाही. सभागृहात नोंद हवी असेल तर शेजारच्या मतदारसंघातल्या किंवा परिषदेतल्या सदस्यांना विनंती करा. कोणताही सदस्य राज्यातल्या कोणत्याही गावाचा प्रश्न विचारू शकतो.

विरोधी पक्षात असल्याने प्रश्न अडत नाही. निधीच्या वाटपात हात आखडता घेतला जातो ही तक्रार जुनी आहे आणि मी ती प्रत्यक्ष अनुभवलेली आहे. पण प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना यांचा हक्क दोन्ही बाजूंना सारखा आहे. पक्षादेश निघतो तेव्हा सदस्याला मतदान पक्षाच्या सांगण्याप्रमाणे करावं लागतं, नाहीतर पक्षांतरबंदी कायद्याखाली सदस्यत्व जाऊ शकतं. प्रश्न विचारण्यावर मात्र असा धाक नसतो. शेतकऱ्यांसाठी आपल्याच सरकारला घाम फोडणारे सत्ताधारी आमदार मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

निलंबनाबद्दल: जुलै २०२१ मध्ये विधानसभेने १२ सदस्यांना एका वर्षासाठी निलंबित केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो ठराव रद्द केला आणि चालू अधिवेशनाच्या उरलेल्या काळापलीकडचं निलंबन घटनाबाह्य ठरवलं. मतदारसंघ इतका काळ प्रतिनिधीविना राहू नये, हा त्यामागचा एक महत्त्वाचा मुद्दा होता. म्हणजे नव्या अधिवेशनात तुमचा आवाज परत येतो.

१६. गोंधळात कामकाज तहकूब झालं, किंवा विधानसभाच विसर्जित झाली, तर आमच्या विषयाचं काय होतं?

तहकुबीत तारांकित प्रश्न पुकारला गेला नाही तरी त्याचं छापील उत्तर यादीत असतं. ते मिळवा आणि प्रश्न ८ प्रमाणे वाचा. उपप्रश्नांची संधी तेवढी गेलेली असते.

विधेयकांचं असं: अधिवेशन संस्थगित झाल्याने, म्हणजे अधिकृतपणे संपल्याने, विधेयक रद्द होत नाही, पुढच्या अधिवेशनात चालू राहतं. विधानसभा विसर्जित झाली तर तिथे प्रलंबित असलेलं, किंवा तिथे मंजूर होऊन परिषदेत अडकलेलं विधेयक संपतं. परिषदेत मांडलं गेलेलं आणि विधानसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक मात्र जिवंत राहतं, कारण परिषद कधी विसर्जित होत नाही.

१७. मंत्र्यांनी सभागृहात "एका महिन्यात डॉक्टर देऊ" असं सांगितलं. महिना उलटला. आता?

सभागृहात दिलेला शब्द ही नोंद असते, आणि त्याची पूर्तता झाली का हे पाहायला विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. कामकाजाच्या अहवालातला तो उतारा, दिनांकासह, आमदारांच्या पत्राला जोडून विभागाला पाठवायचा आणि प्रत समितीला द्यायची. जिल्हा परिषदेच्या कारभारातला विषय असेल तर विधानमंडळाच्या पंचायत राज समितीचा दौरा कधी आहे ते विचारून ठेवा. दौऱ्याआधी फाइली कशा भराभर हलतात ते एकदा पाहाच. सदस्यामार्फत विनंती अर्ज समितीकडेही जाता येतं.

प्रश्न ७ आणि ८ मधल्या त्या केंद्रासाठी आम्ही असाच उतारा तीन वेळा पाठवला. प्रतिनियुक्ती रद्द झाली तेव्हा पुढचं अधिवेशन जवळ आलं होतं. सरपंचांचा फोन रात्री साडेनऊला आला. बोलले फार थोडं: केंद्रात दिवा चालू आहे, आत बाळंतीण आहे, आणि या वेळी ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली नाही. मी वहीत त्या गावापुढे तारीख लिहिली आणि पूर्ततेचा रकाना भरला. त्याच पानावर आणखी अकरा रकाने रिकामे होते.